'हाय लेव्हल' इंग्रजी आणि कंटेनरभर केळी

चोपड्यापासून धुळ्यापर्यंत आमच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. इंग्रजी 'हाय लेव्हल' करायचे चार मंत्र: 'यूज' नको, 'युटिलाइज' लिहा. वाक्य लांब ठेवा. पॅसिव्ह व्हॉइस वापरा, तोच ऑफिशियल. आणि डोक्यातली अहिराणी आधी बंद करा. मी लोकांना इंग्रजी मेल आणि अर्ज लिहून देतो. धंद्याच्या हिशेबाने मेसेज उत्तमच आहे. असं लिहून फसलेलीच माणसं माझ्याकडे येतात.

जड शब्दांचं घ्या. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच बसली आणि रयत आपली इंग्रजीच बोलत राहिली. म्हणून आजही घरचा 'बाय' आणि दरबारी 'परचेस', घरचा 'बिगिन' आणि दरबारी 'कमेन्स' अशा जोड्या दिसतात. आपल्याकडे 'हा माणूस' आणि 'सदरहू इसम' असतात, तसंच. 'सदरहू इसम' लिहिणाऱ्याला आपण विद्वान म्हणतो का? फ्रेंचातून आलेला शब्द वाईट असं नाही, 'पेपर'ही तिकडूनच आला. पण 'युटिलाइज' बहुतेक वेळा 'यूज'पेक्षा काडीचंही जास्त सांगत नाही.

लांब वाक्यांबद्दल एवढंच सांगतो. 9 ऑगस्ट 1940 रोजी, ऐन युद्धात, चर्चिल यांनी सहकाऱ्यांना टिपण पाठवलं: अहवाल आखूड करा, मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा, भरताड शब्द काढा. याहून ऑफिशियल इंग्रजी कुठलं आणायचं?

पॅसिव्हचा घोळ मात्र आपल्या शाळेतूनच येतो. 'मी पत्र लिहिलं' हा कर्मणी प्रयोग आपण पाठ करतो आणि कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह असं धरून चालतो. पण आपल्या वाक्यात 'मी' ठाण मांडून बसलेला असतो. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्ता सहज गायब करता येतो. माती परीक्षणाच्या अहवालात ते चालतं. नमुना कोणी वाळवला याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. तक्रारीत मात्र तोच कर्ता हवा असतो.

केळी परदेशी पाठवणारे एक भाऊ पत्र घेऊन आले होते. कच्ची केळी 13-14 अंशांवर न्यावी लागतात. यांचा माल वाटेतच पिकला. पत्रात लिहिलेलं: 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ड दॅट द टेम्परेचर वॉज नॉट मेन्टेन्ड.' कोणी पाहिलं, कोणी राखलं नाही, किती होतं, काहीच नाही. वाहतूकवाल्याला सुटायला याहून मोठी फट ती कोणती?

आता चौथा मंत्र. मी भाऊंना पत्र बाजूला ठेवायला लावलं आणि विचारलं, "काय व्हयनं?" तीन वाक्यांत सगळं बाहेर आलं: कंटेनर कोणाचा, तापमान किती सांगितलं होतं, उघडला तेव्हा किती निघालं. तेच, त्याच क्रमाने इंग्रजीत उतरवलं: 'वी आस्क्ड फॉर 13.5 डिग्रीज. युवर कंटेनर अराइव्ह्ड अॅट 18.' पुढे नुकसानीचा आकडा आणि उत्तराची मुदत. अहिराणी बंद केली असती तर यातलं काय हाती लागलं असतं?

भाऊंनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

"इतलंच? मंग पैसा कसाना लेस?"