‘२१ दिवसांत १० किलो’ : एकेका ओळीचं उत्तर

पुण्यात सहकारनगर-बिबवेवाडीकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. लग्नसराई जवळ आली की जरा जास्तच. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘२१ दिवसांत १० किलो वजन कमी, गॅरंटीसह! व्यायाम नाही, पथ्य नाही. १०० टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य. सरकारमान्य. हजारो पुणेकरांना रिझल्ट. फरक नाही पडला तर पैसे परत.’ खाली फोन नंबर आणि ‘आधी-नंतर’चे दोन फोटो.

पाठवणारे कोणी लबाड नसतात. शेजारच्या काकू असतात, भावजय असते, शाळेतली मैत्रीण असते. आपल्या माणसाचं भलं व्हावं म्हणून पाठवतात आणि म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. तेव्हा एकेक ओळ घेऊन नीट उत्तर द्यायला हवं.

‘२१ दिवसांत १० किलो’

आधी हिशोब करू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. त्या २१ दिवसांत संपवायच्या तर रोज साडेतीन हजारांहून जास्त कॅलरींची तूट हवी. आता घर आणि ऑफिस सांभाळणाऱ्या पंचेचाळिशीतल्या, सत्तर किलोच्या बाईचा दिवसभराचा एकूण खर्चच असतो अठराशे ते एकोणीसशेच्या आसपास. म्हणजे तिने २१ दिवस अन्नाचा कणही तोंडात घातला नाही, तरी चरबीच्या हिशोबात पाच किलोंच्या आसपासच गाडी थांबते. उरलेल्या पाच किलोंसाठी त्याच उपाशीपोटी रोज सात तास तळजाई टेकडीवर चालावं लागेल, कारण तासभर भरभर चालण्यात जेमतेम अडीचशे कॅलरी जातात. आणि मेसेज म्हणतो, व्यायाम नाही, पथ्य नाही.

‘पण आमच्या वन्संचं पहिल्या आठवड्यात चार किलो उतरलं, काट्यावर दिसलं की!’ हो, दिसलं असेल. काटा खोटं बोलत नाही, पण तो चरबी वेगळी आणि पाणी वेगळं मोजत नाही. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा आधी संपतो, त्याचं पाणी लघवीवाटे जातं. मीठ कमी झालं की आणखी पाणी जातं. आतड्यांतला ऐवजही कमी होतो. अशा रीतीने तीनचार किलो सहज हलतात आणि त्यात चरबी असते थोडीशीच.

पुढे काय होतं ते जास्त वाईट आहे. दोन दिवस नेहमीसारखं जेवलं, एखाद्या लग्नाची पंगत झाली, की तेच पाणी परत येतं आणि काटा दोन किलोंनी वर जातो. मग शेकच्या पावडरीचा हा डबा विकणाऱ्या केंद्रातल्या मॅडम सांगतात, ‘बघा ताई, शेक सोडलात म्हणून वाढलं.’ ताई दुसरा डबा घेतात. पाण्याची ही नेहमीची ये-जा त्यांच्या धंद्याला पुरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आठवड्याला साधारण अर्धा किलो असा आहे, आणि वजन कमी करतानाही रोजचा आहार १,००० कॅलरींच्या खाली नेऊ नये असं ती सांगते. या वेगाने २१ दिवसांत दीड किलो होतं. दीड किलोची जाहिरात कोणी फॉरवर्ड करणार नाही, हे खरं आहे.

‘व्यायाम नाही, पथ्य नाही’

डबा उघडून आतला कागद वाचा. सकाळी नाश्त्याऐवजी शेक, रात्री जेवणाऐवजी शेक, दुपारी एक भाकरी, भाजी, काकडी. चहा बिनसाखरेचा, फरसाण बंद. हे पथ्यच झालं, आणि चांगलं कडक. वजन उतरतं ते या उपासमारीने. श्रेय मात्र पावडरीला जातं. दोन वेळचं जेवण काढून घेतलं तर शेकच्या जागी ताक प्यायलात तरी काटा खाली येईल, आणि ताकासाठी महिन्याला हजारो रुपये मोजावे लागत नाहीत.

पहाटे साडेसहाला या केंद्रांत रांग असते. दोन्ही हातांनी धरायचं एक यंत्र देतात, ते शरीरातून अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा अंदाज बांधतं. ‘तुमचं वय बेचाळीस, पण बॉडी एज अठ्ठावन्न!’ हा आकडा ऐकून बायका हादरतात, हे मी समोर उभं राहून पाहिलं आहे. हाच आकडा तुम्ही आदल्या रात्री किती पाणी प्यायलात, नुकत्या चालून आलात का, यावरही हलतो. निदानासाठी तो पुरेसा नाही, पण घाबरवायला पुरतो.

‘वजन उतरलं की आजार पळाले’

काही मेसेजमध्ये ही ओळ जास्तीची असते, आणि तिचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची सडपातळ दिसणारी माणसंसुद्धा आतून चरबी बाळगून असतात आणि स्नायू मुळातच कमी असतात, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. अशा शरीराला घाईघाईने उपाशी ठेवलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणजे आधीच कमी असलेली पुंजी आणखी कमी होते. काट्यापेक्षा कंबरेचा घेर बघणं शहाणपणाचं: बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचा ९०च्या.

‘१०० टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य’

या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आमचे वैद्य भूक, झोप, पोट, आधीचे आजार, चालू गोळ्या हे सगळं विचारल्याशिवाय साधं चूर्णही देत नाहीत. सगळ्या शहराला एकच डबा विकणं म्हणजे आयुर्वेद नव्हे.

‘स्लिमिंग चहा’त अनेकदा सोनामुखी असते. ती रेचक आहे आणि तिचं काम मोठ्या आतड्यात चालतं. अन्नातल्या कॅलरी तोवर लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात. जुलाबात जातं ते पाणी आणि क्षार. रोज घेत राहिलं तर पोटॅशियम घसरतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर बेततं. याहून गंभीर प्रकरण सिब्युट्रामिनचं. भूक मारणारं हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं म्हणून २०१० मध्ये अमेरिका-युरोपात बाजारातून गेलं, भारतातही त्यावर बंदी आली. त्यानंतरही अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या गोळ्यांमध्ये ते लपवलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे.

आणि पावडर अगदी निर्मळ असली तरी वेगाचे परिणाम टळत नाहीत. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दोनतीन महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात आणि तोवर कोणाला शेक आठवतही नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. शेक सुरू केला, जेवण निम्म्यावर आलं, गोळ्या तेवढ्याच राहिल्या. एका सकाळी अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. लेकीने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. केंद्रात फोन केला तर उत्तर मिळालं, ‘घाबरू नका काकू, डिटॉक्स होतंय.’ साखर धोकादायक पातळीला उतरली होती, आणि समोरून हे उत्तर.

वेगाने वजन उतरवणं प्रत्येक वेळी चूकच असतं, असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात मधुमेहींना काही महिने रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींवर ठेवलं आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरुवातीलाच थांबवल्या होत्या, तपासण्या ठरलेल्या होत्या, जेवण परत कसं सुरू करायचं याचीही आखणी होती. काकूंना यातलं काहीच मिळालं नाही.

‘हजारोंना रिझल्ट’

फोटो विसाव्या दिवशीचा असतो. दोन वर्षांनंतरचा कोणी टाकत नाही. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. शरीराचा विश्रांतीतला कॅलरीखर्च मात्र अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता.

वजन घटवण्याच्या आजच्या प्रभावी औषधांकडेही बघा. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, तेही आहार आणि हालचालीची जोड देऊन. ८० किलोच्या माणसाचे १२ किलो, सोळा महिन्यांत. एवढं संशोधन करून बनवलेल्या औषधाला सोळा महिने लागतात, तर डब्यातल्या पावडरीला तीन आठवडे कसे पुरतील?

‘सरकारमान्य’, ‘पैसे परत’

डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक हा खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना आहे. वजन उतरेल याची हमी सरकारने दिली, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट १९५४च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पैसे परत मागायला गेलात की ‘तुम्ही प्लॅन नीट पाळला नाही’ हे वाक्य तयार असतं. पथ्य नाही म्हणून विकलेल्या वस्तूचं पथ्य मोडल्याचा ठपका! म्हणून डबा, बिल, तो मेसेज आणि केंद्राशी झालेलं चॅट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. भेसळीची शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्याआधी, घरात कोणी हा डबा घेत असेल आणि साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डबा पिशवीत घालून आजच डॉक्टरांकडे न्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.