काम कुणाला गेलं आणि कितीला गेलं?

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर इन्सुलेटिंग मॅटची बिड भरली. शॉक लागू नये म्हणून स्विचबोर्डासमोर पायाखाली अंथरतात ना, ती आयएस 15652 या भारतीय मानकाची रबराची मॅट. कच्चा माल, मजुरी, वाहतूक सगळं धरलं, नफा अगदी बेताचा ठेवला. निकाल उघडला तर 14 जणांत आम्ही 11वे!

बाबा एवढंच म्हणाले, "अगं, खंडेराव मार्केटात मेथीची जुडी घेताना चार ठिकाणी विचारतेस. इथे कुणाला विचारलंस?"

ते मनाला फार लागलं, कारण विचारायची सोय होती. आधीच्या वर्षी हाच माल कितीला गेला, हे त्याच पोर्टलवर पडलेलं होतं. मी बघितलंच नव्हतं. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले आम्ही सगळेच टेंडर निघालं की धावतो. त्याचे मेसेज मिळावेत म्हणून पैसे भरतो. पण टेंडर नोटीस फक्त काय हवंय ते सांगते. ते काम शेवटी कुणाला गेलं, किती नग, काय भाव, माल कुठे उतरवायचा, हे सगळं ऑर्डरमध्ये असतं. लहान उद्योगासाठी खरा बाजार-अभ्यास तोच आहे आणि तो फुकट आहे, असं माझं ठाम मत झालंय.

एप्रिलभर रात्री जेवणं आटोपली की मी लॅपटॉप घेऊन बसायचे. जेमवर झालेल्या ऑर्डरींचं पान आहे. कॅटेगरी निवडा, तारखा टाका, कॅप्चा भरा, मग एकेक ऑर्डर दिसते. नग, रक्कम, ब्रँड बघून एक्सेलमध्ये उतरवायचं, पुन्हा कॅप्चा. दोन वर्षांचं उतरवायला तीन आठवडे गेले. बिडचा निकाल वेगळा उघडला की एल-1 म्हणजे सर्वांत कमी भाववाला, मग एल-2 असं करत सगळ्यांचे भावही दिसतात.

भाव कळले, पण त्याहून मोठी गोष्ट कळली ती जागेची. जिथे आम्ही सपाटून मार खाल्ला होता, तिथे माल हजार-बाराशे किलोमीटरवर पोचवायचा होता आणि जिंकणारे बहुतेक त्याच भागातले होते. रबराचं वजन असतं हो, भाड्यातच सगळा नफा जातो. दुसरं म्हणजे 11 केव्हीसाठीची (11 हजार व्होल्टची) अडीच मिलिमीटर जाडीची मॅट वर्षभर थोडी थोडी घेतली जाते, आणि मार्च आला की निधी संपवायची घाई दिसते. मग कच्चा माल जानेवारीतच भरून ठेवायला नको का?

आकडे वाचताना जपा मात्र. जेमवरचा भाव जीएसटी आणि पोच धरून असतो, दुसरीकडे तसं असेलच असं नाही. रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे बिड उघडल्यावर पुन्हा भाव उतरवायची चढाओढ, झालं असेल तर आधीचा भाव धरून चालत नाही. आणि एल-1 आला त्यालाच पूर्ण ऑर्डर गेली असंही नाही. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार एल-1 स्वतः सूक्ष्म-लघु उद्योग नसेल, तर त्याच्या भावापेक्षा 15 टक्क्यांपर्यंतच वर असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग एल-1 चा भाव मान्य करून ऑर्डरमधला वाटा मिळवू शकतो. आपल्यासारख्यांनी हा नियम पाठच करावा.

आता माझी तक्रार. रेल्वेच्या खरेदीचं पाहायचं तर आयआरईपीएस हे पोर्टल, गुजरात सरकारचं एनप्रोक्योर, केंद्राचं सीपीपीपी. दर ठिकाणी नवी पद्धत, मालाचं वर्णनही वेगळं. 2017 च्या सरकारी वित्तीय नियमांत यशस्वी निविदाकाराचं नाव प्रसिद्ध करा असं म्हटलंय, तरी निकालाचा रकाना किती वेळा रिकामा सापडतो! कधी वाकडीतिकडी स्कॅन केलेली पीडीएफ, जिच्यात शोधताही येत नाही. एका कार्यालयाकडे मी माहिती अधिकारात दर मागितला, तर 30 दिवसांनी "व्यापारी गोपनीयता" असं उत्तर आलं. ऑर्डर देऊन झाली, माल पोचला, पैसे जनतेचे. गुपित राहिलं कुठे? अपील केलं तेव्हा एक आकडा हातात पडला.

अमेरिकेत यूएसए-स्पेंडिंग नावाच्या सरकारी साइटवर कंपनीचं नाव टाकलं की कंत्राटं दिसतात, सगळी यादी उतरवून घेता येते. युक्रेनने प्रोझोरो या आपल्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खरेदीचा डेटा खुला ठेवलाय. आपल्याकडे डेटा तयार आहे, तो फक्त एका फाइलमध्ये हवा: वस्तू, नग, दर, ठिकाण, तारीख. एवढंच मागतेय.

एका ओळखीच्या काकांनी शंका काढली, भाव असे उघडे टाकले तर लोक संगनमत करतील. काका, संगनमत करणाऱ्यांना पोर्टल लागत नाही, त्यांना एकमेकांचे भाव आधीच ठाऊक असतात. अंधारात चाचपडतो तो दहा कामगारांचा शेडवाला.

यंदा आम्ही चारच बिड भरल्या, चारही गुजरातमधल्या. एकीत दुसरे आलो, एक ऑर्डर मिळाली. माझी दोन वर्षांची शीट तयार आहे. रबर किंवा इलेक्ट्रिकल मालात कुणी असेल तर हक्कानं मागा. कुणी आपल्या मालाची अशी शीट करायला बसणार असेल, तर पहिल्या रात्री मी सोबत बसेन.