सायन्स घे, मग कुठेही जाता येतं

मुलाने अकरावीला कुठले विषय घ्यावेत, ही चर्चा ज्या घरात दहावीच्या निकालानंतर सुरू होते, त्या घराने फार उशीर केला असं समजावं. शहाण्या घरांत हा प्रश्न सातवीतच सुटलेला असतो. सातवीत कोचिंग क्लासच्या फाउंडेशन कोर्सला नाव घातलं, हप्ते बांधून घेतले, की पुढची पाच वर्षं घरात विषयांचा विषय निघत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या हे खरं. पण त्या सूचना आहेत. ‘येथे थुंकू नये’ हीसुद्धा सूचनाच असते.

असो. तुमच्याकडून उशीर झालाच असेल, तर घाबरू नका. अजून बरंच काही बिघडवता येण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी माणसं जमवा. बँकेतून निवृत्त झालेले काका, हिंजवडीत असलेला मामा, आणि ज्यांच्या मुलीला गेल्या वर्षी ९७ टक्के पडले ते समोरच्या फ्लॅटमधले दांपत्य, एवढं मंडळ पुरे. मुलाला तीन वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना चुकूनही विचारू नका. त्या म्हणतील, ‘त्याला प्रयोग करायला आवडतात, पण पाठांतर जमत नाही,’ आणि मग तुम्हाला त्यावर विचार करावा लागेल. स्वतः मुलाला विचारायचं असेल तर विचारा, लोकशाही आहे. फक्त आधी ठरवून घ्या आणि मग विचारा. प्रश्नही नीट घाला. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारायचं नसतं. ‘मग सायन्सच ना?’ असं विचारायचं असतं. मूल खाली बघतं, त्याला आपल्याकडे होकार म्हणतात.

आता मूळ मंत्र. तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा: सायन्स घे, मग कुठेही जाता येतं.

या वाक्याला तोड नाही, कारण ते खरं आहे. बारावी सायन्स झालेल्याला बीए करता येतं, बीकॉम करता येतं, लॉ, मॅनेजमेंट, पत्रकारिता, काहीही. आर्ट्सवाल्याला मात्र इंजिनीअरिंगला जाता येत नाही. म्हणून ज्या मुलीला इतिहासात बीए करायचं आहे, तिने आधी दोन वर्षं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि कार्बनी रसायनशास्त्र करावं, त्यात ५४ टक्के मिळवावेत, आणि मग त्या ५४ टक्क्यांवर इतिहासाला प्रवेश मागावा. पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या माणसाला आपण नाशिकच्या गाडीत बसवून देतो, तसंच हे. त्याने कुरकुर केली तर सांगायचं, अरे, नाशिकहून सगळीकडच्या गाड्या मिळतात.

मी स्वतः असाच नाशिकमार्गे आलेलो आहे. त्या दोन वर्षांतलं आज आठवतं ते एवढंच, की प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, ‘सायन्स का घेतलंस?’ संपूर्ण अभ्यासक्रमात न आलेला तो एकमेव प्रश्न.

सायन्समध्येही अर्धवट राहू नका. नुसता पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेतला तर डॉक्टरकीचा रस्ता बंद, मॅथ्सऐवजी बायोवाला पीसीबी घेतला तर इंजिनीअरिंगचा. म्हणून पीसीएमबी घ्या. गणित पण ठेवा, बायो पण ठेवा. म्हणजे इंजिनीअरिंगची जेईई देता येते, जिथे बायो नाही. डॉक्टरकीची ‘नीट’ देता येते, जिथे १८० प्रश्न आणि ७२० गुण आहेत, पण गणित नाही. शिवाय राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, आहेच, जिथे गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे आणि भौतिक-रसायनचे प्रत्येकी एका गुणाचे, आणि साधारण ऐंशी टक्के भाग बारावीचा, वीस टक्के अकरावीचा. बोर्डाची परीक्षाही मधूनमधून द्यायची असते, ती विसरू नका. एका दगडात चार पक्षी. दगड कोण, हे विचारायचं नसतं.

बायफोकल हा शब्द ऐकून काही पालकांना चष्म्याचं दुकान आठवतं. तसं नाही. दुसरी भाषा आणि एक विषय सोडायचा आणि त्याऐवजी दोनशे गुणांचा एकच व्यावसायिक विषय घ्यायचा, अशी ती सोय आहे. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या. कारण विचारलं तर ‘स्कोअरिंग आहे’ म्हणा. या सोयीत शेती आणि मत्स्यव्यवसायाकडे जाणारे विषयही आहेत, पण ते कुणाला सांगू नका. आजोबांची सहा एकर द्राक्षबाग असलेल्या मुलाला तर मुळीच नको. त्याने इलेक्ट्रॉनिक्सच घ्यावं आणि सुट्टीत गावी गेल्यावर फवारणीचा पंप का बंद पडला हे गड्याला विचारावं.

आता टक्क्यांकडे वळू, कारण खरी निवड तिथेच होते.

दहावीला २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे. सहा विषयांपैकी ज्यात कमी गुण पडले तो बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या पाचांवर टक्केवारी काढायची. या योजनेचं सौंदर्य नीट पाहा. मुलाला गणितात ४८ पडले. ते बाजूला गेले. बाकी पाच विषयांवर ९१ टक्के झाले. आता एवढे ९१ टक्के पडलेत म्हटल्यावर सायन्सच घ्यायला हवं, आणि सायन्स म्हणजे आपला पीसीएमबी, त्यात गणित आलंच. म्हणजे गणित वगळल्यामुळे जो प्रवेश मिळाला, तो कशासाठी? तर गणित शिकण्यासाठी. इतकी काटेकोर रचना मी फक्त लंबकाच्या घड्याळात पाहिली आहे, पण लंबकाला निदान थांबायची मुभा असते.

चित्रकलेचंही तसंच. इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढून मिळतात. माझ्या पाहण्यात एक मुलगी आहे, वहीच्या मागच्या पानावर समोरच्या माणसाचे हात काढते. फक्त हात. चहाचा कप धरलेले, मोबाईलवर अंगठा फिरवणारे, पोळी लाटताना मनगटाशी वळलेले. बघत राहावं असे. तिला ते सात गुण मिळाले, त्या सात गुणांनी तिचा नंबर हव्या त्या कॉलेजच्या सायन्सला लागला, आणि सायन्सला नंबर लागल्यामुळे चित्रकला बंद झाली. घरचे अजून कौतुकाने सांगतात, ‘ड्रॉइंगचा फार उपयोग झाला हो.’

भाषेच्या बाबतीत तर भावनेला थारा देऊ नका. मराठी दहावीपर्यंत सक्तीची आहे, २०२० चा कायदाच आहे तसा, त्यामुळे तोवर इलाज नाही. अकरावीत मात्र सुटका आहे. इंग्रजी घ्यावीच लागते, पण दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, आणि त्यात गुण कसे पडतात ते समोरच्या फ्लॅटमध्ये विचारा. भाषाच घ्यायची असेल तर जर्मन, फ्रेंच किंवा संस्कृत. या भाषा बोलायच्या नसतात, त्यांत फक्त गुण पाडायचे असतात. माझ्या भाच्याला दहावीला संस्कृतमध्ये ९८ पडले. गणपतीत आजीने त्याला कौतुकाने जवळ बसवून एका श्लोकाचा अर्थ विचारला. त्याने जरा आठवून पाहिलं आणि म्हणाला, ‘आजी, हे मी ऑप्शनला टाकलं होतं.’

काही पालक अभिरुची, कल वगैरे शब्द वापरतात. सरकारनेही वापरून पाहिले. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जात होती, निकालासोबत कल कुठे आहे तेही कळायचं. एका घरात मुलाचा कल ललित कलांकडे आला. वडिलांनी तो कागद चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, ‘कललेलं झाड वेळेवर खुंटा मारून सरळ करावं लागतं.’ कागद लॅमिनेट करून ठेवला आहे म्हणे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नसतील असं म्हटलं आहे. धोरणं दिल्लीत ठरतात. भिंती हॉलमध्ये असतात, टीव्हीच्या मागे.

कॉमर्सबद्दल फार लिहीत नाही. मुलगा सीए होणार असं जाहीर करा, मॅथ्स ठेवा, काम झालं. आर्ट्स घ्यायचीच वेळ आली तर एक काळजी घ्या. नुसतं ‘आर्ट्स घेतलं’ असं कधी सांगू नका. ‘यूपीएससी करायचंय, म्हणून आर्ट्स’ असं एका दमात सांगायचं. स्वल्पविरामाच्या जागीसुद्धा थांबायचं नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुखवट्याऐवजी लगेच आदर येतो. मुलीला फक्त मानसशास्त्र आणि तर्कशास्त्र आवडतं हे घरातल्या घरात राहू द्या. आयटीआय, डिप्लोमा हे तर दुसऱ्यांच्या मुलांसाठी असतात. तुमच्याकडे एसी दुरुस्त करायला येतो, तासाभरात पैसे घेऊन पुढच्या घरी जातो, आणि रविवारी फोन केला तर ‘बुधवारच्या आधी जमणार नाही’ म्हणतो, त्यातला तो.

कॉलेज निवडताना एकच पथ्य पाळा: टक्के वाया जाता कामा नयेत. टक्के हे ३१ मार्चला संपणाऱ्या रजांसारखे असतात, पूर्ण वापरले नाहीत तर बुडतात. ९३ टक्के असतील तर ९२.६ ला बंद झालेलं कॉलेज शोधा. घरापासून चालत दहा मिनिटांवर, हवा तो विषय शिकवणारं, पण ७८ ला बंद झालेलं कॉलेज असेल, तर पंधरा टक्के कचऱ्यात गेले की हो! २०२५-२६ पासून ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्यभर झाले आहेत, दहा पर्याय भरता येतात. ते गेल्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने भरा. तिथे विषय कुठले आहेत, ते प्रवेश झाल्यावर बघता येईल. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, असा नियम आहे. तेव्हा पहिली पसंती काळजीपूर्वक द्या, म्हणजे मामाला विचारून.

आणि शेवटी कॉलेज तरी कशाला हवंय? इंटिग्रेटेड घ्या. नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये सरकारने अकरावी-बारावी सायन्सला बायोमेट्रिक हजेरी आणली होती, तेव्हा काही दिवस गडबड उडाली. आता सगळं सुरळीत आहे. आमच्या शेजारच्या मुलाला त्याच्या कॉलेजचं ग्रंथालय कुठल्या मजल्यावर आहे हे बारावीच्या निरोप समारंभालाही सांगता आलं नाही. समारंभ क्लासने ठेवला होता, हॉटेलात.

आता फॉर्म भरण्याचं प्रात्यक्षिक. गेल्या जूनमध्ये एका नातेवाइकांकडे मी हे डोळ्यांनी पाहिलं. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर बाबा, शेजारी वहीत कटऑफ उतरवून बसलेली आई, स्टीलच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर व्हिडिओ कॉलवरचा मामा. संकेतस्थळ मधूनच गोल फिरत होतं. ओटीपी बाबांच्या फोनवर येत होता आणि बाबांचा फोन दर वेळी चार्जिंगला आतल्या खोलीत. तो आणायचं काम मुलीचं. ती सहा वेळा आत गेली आणि सहा वेळा बाहेर आली. मधे एकदा म्हणाली, ‘मामा, मला इतिहास घ्यायचा होता.’

‘घे की,’ मामा म्हणाला, ‘वाचायला कोण नको म्हणतंय? आवडतं ते छंद म्हणून ठेवायचं असतं. सायन्स घे, मग कुठेही जाता येतं.’

दहाही पर्याय भरून झाले. लॉक करायच्या आधी बाबांना बरोबर आठवण झाली. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि म्हणाले, ‘शेवटी फॉर्म तुझा आहे बाळा. तू एकदा नीट बघून घे.’

तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. फार वेळ लावून वाचलं. मामाने ‘नेटवर्क गेलं का?’ म्हणून विचारलंसुद्धा.

‘आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय,’ ती म्हणाली.

त्यासाठी फॉर्मचा पहिला भाग पुन्हा उघडावा लागला, पुन्हा ओटीपी, पुन्हा आतली खोली. पण दुरुस्त झालं. लॉकचं बटण दाबून बाबांनी सुस्कारा सोडला आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

‘बरं झालं बघितलंस. असली चूक पुढे आयुष्यभर निस्तरावी लागते.’