दगडी वर्गात दीड टनी एसी

सांगलीतल्या एका जुन्या दगडी कॉलेजचं नूतनीकरण झालंय. नाव घेत नाही, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीची इमारत आहे. बाहेरून देखणं काम. आत गेलो तर पंधरा-सोळा फुटांवरचं छत गायब, डोक्यावर नऊ फुटांवर पीओपी आणि प्रत्येक वर्गात एसी. कंत्राटदाराचं गणित चुकलेलं नाही, खोली जितकी बुटकी तितकी हवा कमी गार करायची. पण त्या सीलिंगमागे वरच्या झडपा कायमच्या झाकल्या गेल्या. मधोमध खिळीवर फिरणाऱ्या, दोरी ओढून खालच्या आकड्याला अडकवायच्या त्या झडपा! तापलेली हवा वर चढायची आणि तिथून बाहेर पडायची, बिल शून्य.

दोन फुटी भिंतीचंही तसंच. दुपारच्या उन्हाची धग आत पोहोचेपर्यंत रात्र होते, तोवर पोरं घरी गेलेली असतात. फक्त रात्री हवा खेळून ती भिंत निवायला हवी. आपल्याकडे पाच वाजता शिपाई सगळं बंद करून जातो. खालच्या खिडक्या लावा की, पण जाळी मारलेल्या वरच्या झडपा रात्रभर उघड्या राहिल्या तर कुणाचं काय जातंय?

सगळ्यात जास्त राग सिमेंटच्या गिलाव्याचा येतो. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते सांगलीकराला सांगायला नको. चुन्याच्या गिलाव्यातून ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं, मग पोपडे आणि कुबट वास. आणि दमट खोलीत एसीची बरीच मेहनत हवेतलं पाणी काढण्यातच जाते.

युरोपातल्या जुन्या विद्यापीठांचं दुखणं वेगळं, त्यांना ऊब हवी. तिथे बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारा हीट पंप शोभतो, एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता देतो. सांगलीच्या एप्रिलला त्याचा काय उपयोग?

एसीला माझा विरोध नाही. कॉम्प्युटर लॅबला, सर्व्हर रूमला हवाच. तोही २४ च्या खाली नको, एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जाबचतीची संस्था, सांगते. बाकी वर्गांना बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे पुरतात. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तीसेक. दीड टनी एसी जोरात चालला की दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे असे पन्नास पंखे.

दुसऱ्या मजल्याचं काम अजून व्हायचंय. संस्थेच्या मंडळींनी टेंडरमध्ये एवढंच घालावं: पीओपी नको, झडपा दुरुस्त करा, गिलावा चुन्याचा. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळत नाही ही सबब सांगू नका, वाड्यांची डागडुजी करणाऱ्यांकडे विचारा.