दोन वर्षं वेगळं राहिलं म्हणून घटस्फोट मिळत नाही

"दोन वर्षं झाली ना, आता आपोआप सुटेल." हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की सविस्तर लिहावंच लागतं. आपोआप काही सुटत नाही. आणि स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेली फारकत म्हणजेही घटस्फोट नव्हे. जातीची रूढी कोर्टात सिद्ध करता आली तरच तिला किंमत.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(आय-बी)खाली परित्यागावर, म्हणजे जोडीदाराने कारणाशिवाय सोडून दिलं या कारणावर, घटस्फोट मिळतो. १९७६ च्या दुरुस्तीआधी त्यावर फक्त न्यायिक फारकत, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा कोर्टाचा आदेश, मिळायची. अट अशी की अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं भरलेली हवीत. बाविसाव्या महिन्यात दाखल केलात आणि केस पाच वर्षं चालली, तरी ती पाच वर्षं जमेला धरत नाहीत.

वेगळं राहणं हा झाला अर्धा भाग. पुन्हा नांदायचंच नाही हा इरादा, दुसऱ्याची संमती नसणं आणि सबळ कारण नसणं, हे अर्जदारालाच सिद्ध करावं लागतं. नवऱ्याने मारहाण करून हाकललं आणि बायको माहेरी गेली, तर परित्याग नवऱ्याचा. घर कोणी सोडलं याने फरक पडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेचा. बायको सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी गेली, बारसं झालं, परत आलीच नाही. अर्जात सर्रास ती गेली तो दिवस लिहिला जातो. पण त्या दिवशी तर सगळ्यांनी मिळून ओटी भरून पाठवलं होतं! दोन वर्षं मोजायची ती 'आता यायचं नाही' हे स्पष्ट झाल्यापासून: न्यायला गेलेल्यांना परत पाठवलं तो दिवस, नोटिशीला नकार आला तो दिवस. त्याचा कागद हवा. रजिस्टर्ड नोटीस, पोच, उत्तर जपून ठेवा. व्हॉट्सॲपचे मेसेज देणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडा.

उत्तरात "मी नांदायला तयार आहे" असं आलं आणि ते प्रामाणिक असेल, तर केस तिथेच ढिली पडते. त्यावर गप्प बसलात तर उलट तुमच्यावरच परित्याग येऊ शकतो. मात्र सासूच्या मयताला येऊन एक दिवस राहिली म्हणून सहजीवन पुन्हा सुरू झालं असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशाच प्रकरणात नवऱ्याला परित्यागावर घटस्फोट दिला.

नांदायला येण्याचा दावा, म्हणजे कलम ९, हा दुसरा रस्ता. हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं. पण ती बॅग घेऊन दारात आली आणि तुम्ही कुलूप लावलंत, तर स्वतःच्याच चुकीचा फायदा घेता म्हणून कलम २३ आडवं येतं.

"पण संसार मोडलाय हे तर उघड आहे ना?" असेल, पण कायद्यात ते कारणच नाही. विधी आयोगाने १९७८ मध्ये सुचवलं, २००९ मध्ये पुन्हा सुचवलं. २०१३ मध्ये राज्यसभेने विधेयक मंजूर केलं आणि ते पुढे लटकलंच. १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे या मुद्द्यावर घटस्फोट देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. फॅमिली कोर्टाला नाही, हायकोर्टालाही नाही. आणि त्यासाठी थेट तिथे रिट याचिकाही करता येत नाही.

माझं मत विचाराल तर ही पोकळीच खोट्या आरोपांना खतपाणी घालते. नातं संपलं एवढंच सांगून भागत नाही म्हणून अर्जात 'चहा दिला नाही, आईचा अपमान केला' अशी क्रूरतेची भर पडते आणि उलटतपासात तीच अंगाशी येते. हे कारण कायद्यात यायला हवं, पण २०१३ च्या विधेयकात होती तशी, आर्थिक हाल होतील म्हणून बायकोला विरोध करता येण्याची तरतूद वगळून नको.

परित्याग सिद्ध झाला म्हणजे पोटगी टळली, हाही भ्रमच. घटस्फोटानंतरही ती पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय. आणि निकाल हातात पडला की लगेच बोहल्यावर चढू नका. अपिलाचे ९० दिवस आधी जाऊ द्या, आणि अपील झालंच असेल तर त्याचा निकालही लागू द्या.