खुलासा: ‘एआरटीच्या गोळ्यांनी रक्त आटतं’ या मेसेजबद्दल

‘एआरटीच्या गोळ्या रक्त आटवतात, त्या सोडा, बीटाचा रस प्या’ असा मेसेज एआरटीबद्दल, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांबद्दल, आपल्याकडे गावोगावी फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. झिडोवुडीन या जुन्या औषधानं काहींचं हिमोग्लोबिन खरंच उतरतं. पण आता बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्रित गोळीत ते नाही. उलट एचआयव्ही आवरला नाही तर तोच रक्त कमी करतो. शिवाय टीबी, जंत, निकस जेवण, गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांनीही रक्त कमी होतं. त्यामुळं आधी तपासणी. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. डॉक्टरांनी दिल्या असतील तर टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्या, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. बीट खुशाल खा (परवडत असेल तर!), पण एआरटी केंद्रात विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.