चार बाजू मोजून शेताचं क्षेत्रफळ निघत नाही

‘भूमिती चार ओळींत’ असा एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. एरवी मी सोडून दिला असता. पण मोहोळच्या मामांनी त्यावरून ओढ्याकाठच्या तुकड्याचा हिशेब केला आणि ते इसार द्यायला निघाले!

मेसेज म्हणतो: ‘कुठलीही चौकोनी जमीन घ्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा, दोन्ही सरासऱ्या गुणा, झालं क्षेत्रफळ.’ साफ चूक. नुसत्या चार बाजूंनी चौकोन ठरतच नाही. सांधे ढिले झालेली बाज तिरकी होते तेव्हा तिची लाकडं तेवढीच राहतात, आतली जागा मात्र कमी होते. शेताचंही तेच. चारही बाजू 330 फूट आणि कोपरे काटकोनात असतील, तर 1,08,900 चौरस फूट, म्हणजे 100 गुंठे. बाजू त्याच, पण एक कर्णही 330 फूट भरला, तर जमीन उरते साधारण साडेशहाऐंशी गुंठे. मेसेजच्या रीतीने मात्र दोन्ही वेळा 100च. वर ही चूक कायम एकाच अंगाला जाते: काटकोनी शेत सोडलं तर उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतं. म्हणजे बुडतो तो घेणारा. आणि इथे घेणारे मामा आहेत.

‘ही आपल्या पूर्वजांची रीत’ असंही त्यात ठोकून दिलंय. अर्धं खरं आहे, मान्य. ब्रह्मगुप्ताने 628 साली ही रीत दिली, पण ‘स्थूल’ म्हणून, आणि लगेच सूक्ष्म रीतही सांगितली. तीसुद्धा चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील तरच लागू पडते. पुढे 1150 च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी तर कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला पिशाच्च म्हटलंय, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच्च. पूर्वजांचं नाव घ्यायचं तर त्यांचं पुरतं ऐका.

बाकीचं थोडक्यात. ‘बहुभुजाकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज 360 अंश’: हे फक्त चौकोनाला. त्रिकोणात 180, पंचकोनात 540. प्रत्येक वाढीव बाजूमागे एक त्रिकोण, म्हणजे 180 अंश वाढतात. ‘सगळ्या बाजू सारख्या की आकृती सुसम’: नाही, कोनही सारखे लागतात. ‘वर्तुळ म्हणजे अनंत बाजूंची बहुभुजाकृती’: बहुभुजाकृतीच्या बाजू मोजता येतात, त्यामुळे व्याख्येने चूक. पण आर्किमिडीजने 96 बाजूंपर्यंत जाऊनच पायची किंमत 3 पूर्णांक 10/71 आणि 3 पूर्णांक 1/7 यांच्यामध्ये पकडली होती, तेव्हा या ओळीवर मी फार भांडणार नाही.

मामा, टेप कर्णावरही धरा. कर्ण शेताच्या आतूनच जाणारा घ्या, दोन त्रिकोण पाडा, दोघांची क्षेत्रफळं वेगळी काढून मिळवा. ओढ्याकडे पाचवा कोपरा निघाला तर दोन कर्ण, तीन त्रिकोण. आणि तो काठ वळणाचा असेल तर सरळ भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. तोवर इसार देऊ नका.